हेस्सेलच्या सखल कुरणातलं अंडं

वॉबे ताल्स्मा आयुष्यात फार बोलला नाही, आणि जे बोलला त्यातलं निम्मं टिटवीबद्दल होतं. उरलेल्या निम्म्यात नोकरी, संसार, दोन मुलींची लग्नं आणि हवामान एवढं सगळं बसवायचं होतं, त्यामुळे ते विषय जरा आवळूनच झाले. मुलींची त्याबद्दल तक्रार नव्हती. जावयांची तर नव्हतीच. सासरा कमी बोलतो म्हणजे घर चांगलं मिळालं, असं आमच्या फ्रीसलंड प्रांतात समजतात.

नोकरी म्हणजे दुधाचा टँकर. गोठ्यागोठ्यावर जायचं, दूध भरून घ्यायचं, डेअरीत नेऊन रिकामं करायचं. त्या नोकरीत पगार होता, पेन्शन होती, पण वॉबेच्या लेखी खरा फायदा एकच होता: टँकरची सीट उंच असते, आणि उंच सीटवरून चरापलीकडच्या कुरणात काय चाललंय ते दिसतं. मार्च महिन्यात दूध डेअरीत पोचायला नेहमीपेक्षा उशीर व्हायचा. डेअरीवाल्यांनी पहिली काही वर्षं कारण विचारलं, मग विचारणं सोडून दिलं, कारण डेअरीचा मॅनेजरही मार्चमध्ये जागेवर सापडायचा नाही.

मार्चच्या मध्यावर आमच्याकडे टिटवी पहिलं अंडं घालते. ते ज्याला सगळ्यांच्या आधी दिसतं, तो त्या वर्षापुरता तालुक्यात मोठा माणूस. पूर्वी लोक ते अंडं टोपीत घालून नगराध्यक्षाच्या दारात जायचे, आणि त्यानंतर सापडलेली उकडून खायचे. पुढे टिटव्या कमी झाल्या, अंडं उचलायला बंदी आली. बंदीने अंडं वाचलं, सवय काही गेली नाही. आता अंडं शोधायचं, बघायचं, चटकन लांब व्हायचं आणि पक्षी मंडळाच्या चिटणीस रिक्स्तबाईंना फोन करायचा. मग मंडळाची माणसं घरट्याच्या दोन बाजूंना काठ्या रोवतात, म्हणजे शेतकऱ्याचं यंत्र वळसा घालून जातं. तालुक्यातल्या पहिल्या अंड्याला चांदीची टिटवी मिळते, मुठीत मावेल एवढी. फोटो चालत नाही, कारण फोटोत एक अंडं दुसऱ्या अंड्यासारखंच दिसतं. खात्री करायला कुणी येत नाही, कारण येणारा जाणारा जितका जास्त तितकी टिटवी घरटं सोडायची शक्यता जास्त. सांगणाऱ्याचा शब्द, एवढ्यावरच सगळं चालतं.

वॉबेच्या वडिलांना ती चांदीची टिटवी मिळाली होती. वॉबे तेव्हा सात-आठ वर्षांचा असेल. वडील गेल्यावर ती थोरल्या भावाकडे गेली, रीतच तशी. हा थोरला भाऊ शहरात विमा विकायचा आणि जन्मात कधी कुरणात उतरला नव्हता. चांदीची टिटवी त्याच्याकडे टीव्हीशेजारी असते, गाडीच्या किल्ल्या तिच्या चोचीला अडकवलेल्या. वॉबे भावाच्या घरी जातो तेव्हा टीव्हीकडे पाठ करून बसतो. भावाला वाटतं, वॉबेला टीव्ही आवडत नाही.

स्वतः वॉबेला पहिलं अंडं कधी सापडलं नाही. दुसरं सापडलं, दोनदा. तिसरं तर किती वेळा सापडलं त्याला गणती नाही. दुसऱ्या अंड्याला काही मिळत नाही. ज्याला पहिलं सापडतं त्याने सभागृहात उभं राहून कसं सापडलं ते सांगायचं असतं, आणि बाकीच्यांनी कॉफी पीत ऐकायचं असतं. वॉबेने अशी कॉफी पुष्कळ प्यायली होती. त्यातली तीन वर्षं शेजारच्या गोस्सेची. गोस्से म्हणजे असा माणूस की ज्याला चष्मा डोळ्यावर असताना चष्मा सापडत नाही, पण अंडं सापडतं.

या वर्षी गोष्ट जरा वेगळी होती. वॉबेचा डावा खुबा गेला होता. एप्रिलमध्ये ऑपरेशन ठरलं होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की नव्या खुब्यावर चालता येईल, सायकल चालवता येईल, चरावरून उड्या मात्र मारता येणार नाहीत. आमची कुरणं म्हणजे दर पन्नास पावलांवर पाण्याचा चर. अंडं शोधणारा माणूस हातात लांब काठी घेऊन निघतो, तिच्या बुडाशी लाकडी चकती असते, काठी चराच्या मध्यात रोवायची आणि पलीकडे झोकून द्यायचं. ज्याला उडी नाही त्याला कुरण नाही. तेव्हा वॉबेच्या हातात हा एक मार्च होता, पुढचा नव्हता. त्याने हे कुणाला बोलून दाखवलं नाही, पण दाराशेजारी ठेवलेली काठी तो रोज पुसत होता, आणि ती रोज स्वच्छच असायची.

"एकटं जायचं नाही," आक्के म्हणाली. आक्के म्हणजे वॉबेची बायको. "चरात पडलास तर मला कोण सांगणार? टिटवी?"

"गेली पन्नास वर्षं एकटाच जातोय."

"गेली पन्नास वर्षं तुला दोन पाय होते. मायतेला घेऊन जा."

मायते ही त्यांच्याकडची त्या वर्षीची मुलगी. मुली लग्न होऊन गेल्या तेव्हा घर फार गप्प झालं, आणि वॉबेच्या घराने आणखी गप्प होणं म्हणजे अतीच, म्हणून आक्केने विद्यापीठात नाव देऊन टाकलं होतं. पर्यावरणशास्त्र शिकायला परदेशातून मुलं येतात, सहा महिने आमच्याकडच्या घरांत राहतात. सोमवार ते शुक्रवार त्यांनी चिखलात उतरून काहीतरी मोजायचं आणि शनिवारी बसमधून जाऊन संस्कृती बघायची, असा तो अभ्यासक्रम. संस्कृती म्हणजे पवनचक्की, चीजचा कारखाना, जुन्या स्केट्सचं म्युझियम आणि एकूण अकरा चर्चेस. वॉबेचं म्हणणं असं की आपण इतकी वर्षं इथे राहतो आणि यातलं एकही आपण पाहिलेलं नाही, तरी आपलं कुठे अडलंय. आधीच्या वर्षीचा कोरियाचा मुलगा सहाही महिने रोज पावावर चॉकलेटचे दाणे खाऊन परत गेला आणि जाताना रडला. आक्केही रडली. वॉबेने त्याला स्टेशनवर सोडताना "बरं मग" असं म्हटलं, आणि ते तो मनापासून म्हणाला होता.

मायते उरुग्वेची. वडिलांची गुरं होती, घरापासून शाळा दूर होती, आणि बोलायला माणूस कमी पडल्यामुळे असेल, पण आता माणूस मिळाला की ती थांबत नसे. फेब्रुवारीत आली तेव्हा तिला आमच्या भाषेतले आठ-दहा शब्द येत होते, तेच ती आलटून पालटून वापरायची. मार्च उजाडेपर्यंत ती शेजाऱ्यांशी भांडण्याइतकी तयार झाली. तिच्याकडे गांडुळांचं काम होतं. कुरणातला हातभर मातीचा ठोकळा कापायचा, फोडायचा, त्यातली गांडुळं मोजायची आणि परत ठेवायची. टिटवी गांडुळांवर जगते, तेव्हा जमीन जितकी कोरडी तितकी गांडुळं खोल आणि टिटवी उपाशी, असा काहीतरी तो हिशेब होता.

"सरकार यासाठी तुम्हाला एवढ्या लांबून आणतं?" वॉबेने विचारलं होतं.

"सरकार नाही, विद्यापीठ."

"बरी हुशार माणसं आहेत. इथल्या पोरांना सांगून बघा गांडुळं मोजायला."

वॉबेला तिला न्यायचं जिवावर आलं होतं. अंडं शोधताना बोलायचं नसतं. पण आक्केने एकदा ठरवलं की ठरवलं. शिवाय मायतेला काठीवरून उडी मारायला शिकायची होती, आणि ती दुसऱ्याच दिवशी शिकली, फक्त एकदा पाण्यात पडून. वॉबेने हे फक्त बघितलं. त्याच्या वेळी त्याला पाच वेळा पडावं लागलं होतं.

निघताना त्याने तिला नियम सांगितले. मंडळाचा पास ज्याच्याकडे असतो त्याचंच अंडं धरतात. पाससाठी जुन्या माणसाबरोबर दोन वसंत फिरावं लागतं आणि मग परीक्षा द्यावी लागते. तेव्हा तू बरोबर चालायचं, मागे राहायचं, घरट्यावर पाय पडू द्यायचा नाही.

"आणि मला दिसलं तर?"

"तुला दिसणार नाही."

"पण दिसलं तर?"

"तर कुणालाच दिसलं नाही असं होतं. पास नाही ना."

"म्हणजे मी बोलले तर अंडं फुकट जाणार?"

"बोलायचंच कशाला?" वॉबे म्हणाला. त्याला हा सल्ला सर्वसाधारणपणेच द्यायचा होता.

असे ते पाच दिवस हिंडले. वारा होता, अधूनमधून गारा होत्या. तालुक्यात अजून कुणाला काही सापडलं नव्हतं, आणि गावात ब्रेड घ्यायला गेलं तरी लोक एकमेकांच्या बुटांच्या चिखलाकडे बघून कोण कुठल्या कुरणात जाऊन आला याचा अंदाज घेत होते. मायते चालता चालता बोलत होती. चरांबद्दल, गारांबद्दल, आक्केच्या साखरेच्या पावाबद्दल, डबा उघडून एकच बिस्किट देऊन डबा लगेच बंद करण्याच्या आमच्या पद्धतीबद्दल. ही पद्धत तिला अजून पटलेली नव्हती. वॉबेला वाटलं, हिच्या आवाजाने टिटव्या समुद्रापलीकडे जातील. पण टिटव्या गेल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर चौथ्या दिवशी ती सर्दीने गप्प होती तेव्हा त्याला चुकल्यासारखं झालं.

सहाव्या दिवशी सकाळी ते हेस्सेलच्या रानात होते. हेस्सेल हा मोठा शेतकरी, त्याची वरची कुरणं चांगली, आणि खालचं एक सखल, पाणथळ, कधी कुणी ढुंकून न बघितलेलं. सखल कुरणात टिटवी उशिरा बसते, असं वॉबेच्या वडिलांनी सांगितलं होतं. वडिलांनी सांगितलेलं वॉबेने तपासून बघितलं नव्हतं, आणि तपासणार कसा, त्यासाठी सखल कुरणात जावं लागलं असतं. पलीकडच्या चराच्या कडेने गोस्से चालला होता, काठी खांद्यावर, नजर जमिनीवर. त्याने हात वर केला. वॉबेनेही हात वर केला. दोघांनाही एकमेकाचं तिथे असणं मुळीच आवडलं नव्हतं.

वरच्या कुरणावर एक नर टिटवी गोंधळ घालत होता. वर जायचा, कोलांटी घ्यायचा, खाली येऊन किंचाळायचा. वॉबे त्याच्या खालची जमीन वीत-वीत बघत होता. डोळ्यांत वाऱ्याने पाणी येत होतं, ते तो पुसायचा आणि पुन्हा बघायचा. खुबा दुखत होता. असा बराच वेळ गेला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपल्या मागे कुणी बोलत नाहीये.

त्याने वळून बघितलं. मायते कुंपणाच्या खांबापाशी उभी होती आणि लांबवरच्या चर्चच्या मनोऱ्याकडे टक लावून बघत होती.

"काय झालं?"

"काही नाही. मनोरा बघतेय. छान आहे ना?"

गेल्या शनिवारी विद्यापीठाची बस याच चर्चसमोर थांबली होती, आणि पाय दुखतात म्हणून ही मुलगी बसमधून खाली उतरली नव्हती. हे तिनेच घरी येऊन सांगितलं होतं.

"वॉबे," ती म्हणाली, "आपण जरा खाली जाऊ या का? त्या सखल कुरणात?"

"तिथे काही नसतं."

"नसू दे. तिथे ऊन आहे."

ऊन कुठेच नव्हतं. आठवडाभर नव्हतं.

"मला गांडुळांसाठी जागा बघायची आहे," ती म्हणाली. "तुम्ही पुढे चला. तुम्ही पुढेच चालायचं असतं ना? हळू चला. त्या डबक्याच्या बाजूने. नाही, अलीकडून. अजून थोडं अलीकडून."

वॉबे चालू लागला आणि दहा पावलांवर थांबला. त्याला कळलं. गाईला गोठ्यात घालताना माणूस जसा मागून हळूहळू दिशा देतो, तसं ही पोरगी त्याला हाकत होती. तिने पाहिलं होतं. तिने पाहिलं होतं आणि ती मूग गिळून बसली होती, आणि मायतेने मूग गिळणं म्हणजे तिला केवढे कष्ट पडले असतील ते वॉबेला पाच दिवसांच्या अनुभवाने ठाऊक होतं.

तो तिथेच परत फिरू शकला असता. त्याने तसं केलं नाही. माणूस शेवटी माणूस. तो डबक्याच्या अलीकडे आणखी चार पावलं गेला, आणि तिथे होतं. काडीकचऱ्याच्या उथळ खळग्यात, शेवाळी रंगाचं, काळे ठिपके असलेलं, एकच. वॉबेने टोपी काढली. का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"सापडलं तुम्हाला," मायते मागून म्हणाली. "अभिनंदन."

"तू कधी पाहिलंस?"

"मी? मी कुठे काय पाहिलं? मी मनोरा बघत होते."

"मायते."

"खरंच."

"तुला खोटं बोलता येत नाही. आता शिकूही नकोस. कधी पाहिलंस?"

तिने बुटाने गवत उकरलं. "खांबापाशी होतो तेव्हा. मादी डबक्याकडून चालत निघाली, अगदी साळसूदपणे, आपण काही केलंच नाही अशी. पण ते धरायचं नाही. मला पास नाही. मी पाहिलेलं म्हणजे कुणीच न पाहिलेलं. तुम्हीच सांगितलंत."

"तू वरच्या नराकडे का नाही बघितलंस?"

"तो तिकडे ओरडत होता म्हणून. आमच्याकडच्या टिटव्या जिथे बोंबलतात तिथे अंडी कधीच नसतात. मी आणि माझा भाऊ लहानपणी, ती ओरडायला लागली की पाठ फिरवायचो आणि दुसरीकडे बघायचो. तुमच्या इथल्या तशा नाहीत का?"

"तशाच आहेत."

"मग तुम्ही त्याच्याकडे का बघत होतात?"

वॉबेला हे ठाऊक होतं, तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण शेवटचा मार्च होता, आणि घाईत माणूस आवाजाकडे बघतो.

"चल," तो म्हणाला. "इथे थांबायचं नाही. ती परत बसली पाहिजे."

ते चराच्या काठापर्यंत आले. तिथे वॉबे बसला, आणि मायते त्याच्यासमोर उभी राहून भांडू लागली. भांडताना तिचा आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून ती कुजबुजत होती, त्यामुळे ते भांडण चर्चमधल्यासारखं वाटत होतं.

"फोन करा."

"करतो."

"आणि सांगा की तुम्हाला सापडलं."

"मला सापडलं नाही."

"तुम्ही चालत गेलात, तुम्ही वाकलात, तुम्ही पाहिलंत. नियमात आणखी काय लागतं?"

"नियमात तेवढंच लागतं."

"मग?"

"मग काही नाही."

"वॉबे, तो गोस्से बघा. तो वाकलाय."

गोस्से खरोखरच वाकला होता. मग तो सरळ झाला आणि बुटातला खडा काढून पुढे चालू लागला. मायतेने श्वास सोडला.

"आक्के म्हणाली हा तुमचा शेवटचा," ती म्हणाली. आता तिचे डोळे भरले होते. "मी कुणाला सांगणार नाही. जुलैमध्ये तर मी घरीच जाणार. मग या अख्ख्या देशात कुणाला कळणार आहे?"

वॉबेला ती चांदीची टिटवी हवी होती. लहानपणापासून हवी होती, आणि आत्ता या क्षणी जितकी हवी होती तितकी कधीच नव्हती. सभागृहात उभं राहून काय सांगायचं ते त्याचं केव्हाचं ठरलेलं होतं, टँकर चालवताना त्याने ते शेकडो वेळा मनाशी म्हटलं होतं. आणि त्या सगळ्यात 'मला दिसलं' हे दोन शब्द होते. ते काढले तर बाकी काही उरत नव्हतं.

त्याने फोन काढला. रिक्स्तने पहिल्याच घंटीला उचलला. मार्चमध्ये ती फोन मांडीवर ठेवूनच जेवते.

"वॉबे बोलतोय."

"सापडलं?"

"हेस्सेलचं सखल कुरण. डबक्याच्या अलीकडे. एक आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रिक्स्त वॉबेच्या वर्गात होती. त्याचं अंड्याचं वेड तिने शाळेपासून बघितलं होतं, आणि दर वर्षी दुसऱ्या कुणाचं नाव लिहिताना तिला थोडं अवघडल्यासारखं व्हायचं.

"वॉबे," ती म्हणाली. "अरे, वॉबे." मग तिने नाक ओढलं आणि चिटणीसबाईंचा आवाज लावला. "पहिलंच आहे. अजून कुणाचा फोन नाही. नाव सांग शोधणाऱ्याचं. सांग म्हणजे, विचारावं लागतं."

समोर मायते जोरजोरात त्याच्याकडे बोट दाखवत होती आणि स्वतःकडे बोट करून नाही-नाही अशी मान हलवत होती.

"मायते," वॉबे म्हणाला.

"तुझ्याकडची मुलगी?"

"हो."

"तिला पास कुठे आहे?"

"नाही."

"पण तू बरोबर होतास ना? तुलाही दिसलं ना?"

"दिसलं. तिच्यानंतर."

"वॉबे, आधी कुणाला दिसलं हे मी विचारलंच नाहीये."

"शोधणारा कोण ते विचारलंस."

फोनमध्ये तिच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू येत होतं.

"मग मी काय लिहू?" ती शेवटी म्हणाली.

"काही लिहू नकोस. काठ्या रोवायला माणसं पाठव, हेस्सेल सोमवारी शेणखत टाकणार आहे."

"एवढ्यासाठी फोन केलास?"

"नाही," वॉबे म्हणाला. "कुणाला तरी सांगावंसं वाटलं."

परत येताना मायते पुढे चालत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. ती रागावली होती. शेवटच्या चरावर वॉबेने काठी रोवली, झोकून दिलं, आणि खुब्याने दगा दिला. तो काठावर पोटावर पडला, पाय पाण्यात. मायतेने त्याला दोन्ही हातांनी वर ओढलं, त्याच्या कोटावरचा चिखल झटकला, आणि मग तिला जे बोलायचं होतं ते स्पॅनिशमध्ये बोलून घेतलं. वॉबेला एक अक्षर कळलं नाही, पण मुद्दा समजला.

दुपारी मंडळाचा निरोप सगळ्यांच्या फोनवर आला. तालुक्यातलं पहिलं अंडं, शोधणारा गोस्से, स्वतःच्याच गोठ्यामागे. वॉबे तेव्हा स्वयंपाकघरात कोरडे मोजे घालत होता. त्याने निरोप वाचला, फोन पालथा ठेवला आणि दुसरा मोजा घातला. त्याला फार वाईट वाटलं. आपण केलं ते बरोबर केलं हे माहीत असल्याने वाईट वाटणं कमी होत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं.

"गोस्सेला सापडलं म्हणे," आक्के म्हणाली. ती कॉफी ओतत होती. "पुन्हा."

"हो."

"जाऊ दे. तुला काही दिसलं का?"

वॉबेने कप जवळ ओढला. तेव्हा मायतेने तोंड उघडलं, आणि सकाळपासून साठवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. खांब, मनोरा, डबकं, टोपी, फोन, सगळं. मधे मधे ती वॉबेकडे हात करून "हा माणूस" असं म्हणत होती. आक्के ऐकत होती. कॉफी गार झाली तरी ऐकत होती. या बाईने इतकी वर्षं नवऱ्याचे चिखलाचे कपडे धुतले होते आणि अंड्यावरून त्याची चेष्टा केली होती. एकदाही ती त्याच्याबरोबर कुरणात गेली नव्हती. गवतात अंडं बघायला जायचं, आणि तेही न उचलता परत यायचं, यात काय आहे ते तिला कधी समजलं नाही, आणि समजून घ्यायला वेळही नव्हता.

मायते थांबल्यावर आक्केने बिस्किटांचा डबा उघडून तिच्यासमोर ठेवला आणि तो बंद केला नाही. मग ती उठली, कोट घातला, डोक्याला रुमाल बांधला आणि कपाटातून दुर्बीण काढली.

"दाखव मला," ती वॉबेला म्हणाली.

"जवळ जाता येणार नाही. रस्त्यावरूनच."

"रस्त्यावरून दाखव."

दोघं सायकलवरून गेले, वाऱ्यामुळे हळूहळू. हेस्सेलच्या फाटकापाशी उतरले. मंडळाच्या माणसांनी काठ्या रोवल्या होत्या. वॉबेने दुर्बीण लावून जागा धरली आणि न हलवता आक्केच्या हातात दिली.

"डाव्या काठीपासून हातभर उजवीकडे. डबक्याच्या अलीकडे. तिच्या डोक्यावरची शेंडी दिसते?"

"गवत दिसतंय."

"थोडं खाली."

"खाली पण गवतच आहे. थांब. हां. काळं काहीतरी आहे. हललं."

"तीच."

"आणि अंडं?"

"अंड्यावर ती बसली आहे. कसं दिसेल?"

आक्के दुर्बिणीतून बघत राहिली. वारा तिचा रुमाल ओढत होता. सखल कुरणात, सांगून खरं वाटणार नाही अशा जागी, ते काळं काहीतरी निवांत बसून होतं.

"मग तिच्याखाली अंडं आहे कशावरून?" तिने विचारलं.

"मी पाहिलंय."

आक्केने दुर्बीण खाली केली, काचा पुसल्या आणि ती पिशवीत नीट ठेवली.

"तू पाहिलंस म्हणतोस ना," ती म्हणाली. "मग आहे."